टिचकीमावशी आणि कानाचा पडदा

टिचकीमावशीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाची शिफ्ट, कारखान्यापर्यंत लांबची पायपीट, आणि निघण्याआधी तीन डबे भरायचे. एक तिचा, एक नवऱ्याचा, एक सासूबाईंचा. सासूबाई दिवसभर घरातच असायच्या. पण "सगळ्यांना डबा आणि मलाच झाकलेलं ताट का? मी काय बसून खाते?" असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हापासून त्यांचाही डबा.

मी त्यांच्याच गल्लीत राहायचो आणि त्याच कारखान्यात कामाला होतो. कारखाना फुग्यांचा. मी बुडवणीवर. ओळीने लावलेले साचे रबराच्या चिकात बुडवायचे, सावकाश वर काढायचे, पुढे सोडायचे. घाईने काढले तर चिकात हवा अडकते. बुडवणीवरच्यांना सगळे 'बुडवे' म्हणत. बाहेरच्यांना वाटे आम्ही सावकाराला चुकवून फिरतोय. बुडवल्यानंतर फिरते ब्रश ओल्या रबराचा काठ वळवतात. फुग्याच्या तोंडाशी जी जाड कड असते ती हीच. काठ वळला की तिथून फाटत नाही. मग भट्टी, धुणं, वाळवणं, आणि पावडर लावून पॅकिंग.

मधे तपासणीचं टेबल. तिथे मावशी.

प्रत्येक ट्रेमधून ती मूठभर फुगे उचलायची. नळीने हवा भरायची, तोंड दोन बोटांत आवळायचं, फुगा उजव्या कानाशी न्यायचा आणि मधल्या बोटाने टिचकी मारायची. नाव त्यावरून पडलं. सगळीकडून सारखा जाड असलेला फुगा एकच स्वच्छ आवाज देतो. एका बाजूला पातळ असला तर ती बाजू जास्त ताणली जाते, आणि आवाजात चीर पडते. मावशी म्हणायची, "एकाच तोंडाने दोघं बोलतायत." बारीक भोक असलं तर टिचकीही लागत नाही, हवा स्वतःच चुगली करते. सुपरवायझरने पाण्याचा टब आणून ठेवला होता. फुगा पाण्यात दाबा, बुडबुडे बघा. त्याचा एक फुगा कोरडा होईपर्यंत मावशीचा ट्रे संपलेला असायचा.

तपासलेला फुगा विकायचा नाही, हा नियम होता. एकदा ताणलेलं रबर पुरतं पूर्वीच्या मापावर येत नाही. तपासलेले फुगे टोपलीत, टोपली भंगारात.

रबर तिला हाताने कळायचं. फुग्याची पहिली फुंक जड का आणि पुढची सोपी का, हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. दोन सारखे फुगे घेतले. एक मोठा फुगवला, एक लहान. दोघांच्या मधे रबरी नळी बसवली आणि विचारलं, "हवा कुठून कुठे जाणार?"

"मोठ्यातून लहानात," मी म्हणालो. "दोघं सारखे होणार."

तिने नळीवरची चिमूट सोडली. लहान फुगा आणखी लहान झाला, मोठा आणखी मोठा.

"लहान असतो तेव्हा जोर लावतो," ती म्हणाली. "एकदा फुगला की ढिला पडतो. आपले सुपरवायझर बघा ना."

पाहुणे आले की ती रबराची पट्टी झटकन ताणून त्यांच्या ओठाला लावायची. गरम लागे. मग सैल सोडून लावायची. गार. "ताणलं की तापतं, सोडलं की निवतं. आमच्या सासूबाई," असं म्हणून पुढच्या ट्रेकडे वळायची.

मग मोठे फुगे आले. दुकानांच्या दारावर बांधायचे, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे. हेही ती त्याच पद्धतीने तपासायची, कानाशी धरून. अशा एका फुग्याच्या चिकात हवेचा बुडबुडा राहिला होता. तिथे रबर कांद्याच्या सालीएवढं. हवा भरता भरता तो फुटला. उजव्या कानापासून वीतभरावर.

मी धावत गेलो. ती उभीच होती. कानावर हात. बोटाला जरासं रक्त.

"बसा," मी म्हणालो.

"काय?"

"बसा म्हटलं!"

"ओरडू नका, ऐकू येतंय," ती म्हणाली आणि डावा कान माझ्याकडे केला. शिफ्ट पुरी करूनच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आली ती निदान घेऊनच. पहाटे उठल्याबरोबर तिने नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि आतल्या आत फुंकलं. उजव्या कानातून हवा शिट्टीसारखी बाहेर आली.

"गळतोय," तिने आम्हाला सांगितलं. एखाद्या ट्रेबद्दल सांगावं तसं.

भट्टीवरचा म्हातारा लगेच म्हणाला, "एक थेंब चीक सोडू का आत? सुकला की पक्का."

"आणि भट्टीत डोकं कोण घालणार, तुम्ही?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून तिने रोजची तपासणी सुरू केली. पहाटे उठलं की आधी नाक धरायचं, फुंकायचं, शिट्टी ऐकायची, मग चूल. मी विचारलं तर म्हणायची, "आज जरा कमी वाटतंय." पुन्हा चार दिवसांनी, "आज परत तेवढंच." भोक मिटतंय का हे बघायला हवं, असं तिचं म्हणणं. आम्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. फुग्याच्या कारखान्यात दुसरं काय वाटणार?

घरात गंमत वेगळीच. नवरा रंगारी. दिवसभर परांचीवर चढून भिंती रंगवायचा, बोलणं मुळातच कमी. आता त्याला ओरडून बोलावं लागे. "मीठ दे" हेसुद्धा गल्लीला ऐकू जाई. शेजारणीने सासूबाईंना विचारलं, "हल्ली रोज भांडणं?" सासूबाई म्हणाल्या, "भांडण कुठलं! इतक्या वर्षांनी माझा मुलगा बोलायला लागलाय."

कारखान्यात मात्र हसण्यासारखं नव्हतं. एक कान शाबूत होता, तरी पुरत नव्हता. दोन कान असले की गोंगाटातून हवा तो आवाज वेचता येतो. एकाच कानाला सगळं एका ढिगात ऐकू येतं. त्यातून तिच्या डाव्या हाताला कॉम्प्रेसर. ती टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, तरी जमेना. पातळ फुग्यांचं एक अख्खं खोकं तिच्या हातून गेलं आणि दुकानदाराने परत पाठवलं.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, पण माल परत आला होता. त्याने मावशीला बोलावलं.

"मावशी, टेबल असं चालवता येणार नाही. कान दाखवा. बरा झाला तर टेबल तुमचंच. नाही तर पॅकिंग."

पॅकिंग म्हणजे पगार कमी. पण तिला लागलं ते दुसरंच. घरी जाताना वाटेत ती एकदाच बोलली. "पाकिटं कोणीही भरेल हो. आवाज माझा होता."

तोवर फुगा फुटून तीन-चार महिने झाले होते. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या. नवरा बरोबर गेला होता. तिथे काय झालं ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. जे जुळलं तेवढंच लिहितो.

डॉक्टरबाईंनी बारीक दुर्बीण कानात घातली आणि समोरच्या स्क्रीनवर चित्र आलं. मोत्यासारखी करडी, आत ओढलेली गोल त्वचा, आणि तिच्या खालच्या भागात भोक.

"खरा पडदा केवढा असतो?" मावशीने विचारलं.

"करंगळीच्या नखाएवढा."

"आणि एवढ्याशा फुग्यात हवा कशी भरतात?"

"फुगा नाही, मावशी. फुग्यात हवा एका बाजूला जास्त असते, म्हणून तो ताणतो. इथे पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा सारखी लागते. बाहेरून कानातली, आतून घशातली. घशातून कानाच्या मागे एक नळी जाते. आवंढा गिळलात की ती उघडते, जांभई दिलीत की उघडते, आणि हवा सारखी होते."

"मग ताणलेला कशाने राहतो?"

"कडेने हाडाला धरलेला आहे, आणि मधे एक हाड त्याला आत ओढून धरतं. म्हणून तो सपाट नाही, छत्री उलटी धरल्यासारखा आहे. आवाज आला की बाहेरची हवा त्याला ढकलते, तो थरथरतो. तो थरथरला की मागची तीन हाडं हलतात. तिसऱ्याचं टोक एका अगदी लहान खिडकीवर टेकलेलं. मोठ्या पडद्यावरचा सगळा जोर त्या लहान खिडकीवर येतो. म्हणून कुजबूजसुद्धा ऐकू येते."

"आणि भोक पडलं की?"

"काही हवा ढकलायच्या ऐवजी भोकातून आत जाते. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी एकदमच ढकललं, तर तो हलणार कुठे?"

मावशी चित्राजवळ गेली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "याचा काठ वळलाय."

"म्हणजे?"

"भोकाची कड बघा. जाड झालीय. आम्ही फुग्याच्या तोंडाला मुद्दाम करतो तशी."

"हो. जखमेची कड अशी भरून आली की भोक आपणहून मिटत नाही. खरं तर एवढं भोक बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांत मिटतं. कानात पाणी जात होतं का? शिंका? नाक जोरात शिंकरलं?"

"छे. खूप जपलं. रोज तपासलं."

"तपासलं म्हणजे?"

मावशीने नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं. डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. "अहो, नको! रोज?"

"रोज. पहाटे."

"भोकावर नवी त्वचा येते ती कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक. तुम्ही रोज पहाटे तिच्यावर आतून फुंकर मारत होतात. त्यानेच मिटलं नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मिटायला मदत नक्की झाली नाही."

नवरा म्हणाला ते इथे लिहितो, कारण तो दिवसभरात तेवढंच बोलला. "तपासलेला माल ही भंगारात टाकते, डॉक्टर."

मावशीने म्हणे परत त्या चित्राकडे बघितलं. मग विचारलं, "रबर फाटलं की संपलं. हे दुरुस्त होतं?"

"होतं. कानाच्या वर एक स्नायू आहे, त्यावर पातळ आवरण असतं. त्याचा तुकडा काढून आतून लावायचा. तुमच्या पडद्याची त्वचा त्याच्यावरून वाढत येते आणि भोक बंद करते. रबराला हे जमत नाही. पण एक अट आहे."

"पैसे ना?"

"पैशांचं काउंटरवर. माझी अट ही, की ऑपरेशननंतर मी बघेपर्यंत तुम्ही तपासायचं नाही. एकदाही नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं. जड उचलायचं नाही. कानात पाणी नाही."

"आणि बरा झालाय की नाही ते कसं कळणार?"

"नाही कळणार. थांबायचं."

मला विचाराल तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते. ऑपरेशनच्या वेळी फक्त झोपायचं असतं, मेहनत डॉक्टरांची. पण ज्या बाईने उभ्या जन्मात एकही गोष्ट हाताने पारखल्याशिवाय पुढे सोडली नाही, तिने स्वतःचाच कान न पारखता रोज अंथरुणातून उठायचं. कानात औषधाची पट्टी कोंबलेली, आत सारखा बुडबुड आवाज. बरं की वाईट, कळायला मार्ग नाही. नवऱ्याने सांगितलं, पहाटे तिचा हात आपोआप नाकाकडे जायचा. मग ती दोन्ही हातांनी कणीक मळायला घ्यायची. त्या दिवसांत घरात पोळ्या फार झाल्या. सासूबाईंच्या डब्यात मावेनात.

रजा मिळाली तेवढी घेतली. मिळाली म्हणजे बिनपगारी. मग ती पॅकिंगला आली, आणि पॅकिंगला पावडर. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावतात ती, हवेत सतत तरंगणारी. तिथे शिंक न येणारा माणूस मी पाहिला नाही. मावशीने नाकातोंडाला फडकं बांधलं, तरी पहिल्याच दिवशी शिंक आली. तिने फडकं खाली ओढलं, तोंड भाकरीएवढं उघडलं आणि शिंकली. बुडवणीपर्यंत ऐकू आलं. आख्खी शेड थांबली.

सुपरवायझर धावत आला. "कुठला फुटला?"

"कुठलाच नाही," मावशी म्हणाली. "म्हणजे, आशा आहे."

पुढे कोणी सर्दीने शिंकलं तरी लोक ओरडायचे, "तोंड उघड!" भट्टीवरचा म्हातारा रोज विचारायचा, "मिटला का?" ती रोज सांगायची, "माहीत नाही. तपासायचं नाही." चिडून सांगायची, पण सांगायची.

दुपारच्या सुट्टीत ती आम्हाला कान शिकवायची. दोन्ही बाजूंनी उघडा डबा घेतला, एका तोंडावर कापलेला फुगा घट्ट ताणून बांधला, वर पॅकिंगची पावडर भुरभुरली. दुसऱ्या तोंडाशी म्हाताऱ्याला हाक मारायला लावली. पावडर नाचली. मग फुगा सैल बांधला. म्हातारा घसा बसेपर्यंत ओरडला, पावडर जेमतेम सरकली. "ताण हवा," ती म्हणाली. "ताण नसला की कितीही ओरडा."

"घरी सांगतो," म्हातारा म्हणाला.

मग तो दिवस आला. डॉक्टरबाईंनी पट्टी काढली, दुर्बीण घातली. समोर चित्र आलं. भोकाच्या जागी अख्खी त्वचा, जरा जाड, जरा पांढरट. रंगाऱ्याने भिंतीचं भगदाड लिंपावं तशी, असं नवरा म्हणाला. बारीक आवाजांची यंत्रावरची तपासणी झाली. डॉक्टरबाई कागद बघून हसल्या. "पूर्वीच्या अगदी जवळ. आणखी सुधारेल."

"आता तरी फुंकून बघू?"

"मावशी!"

"विचारलं फक्त."

दुसऱ्या दिवशी ती थेट सुपरवायझरकडे गेली. टेबल मागितलं नाही, आधी जाळी मागितली. मोठे फुगे लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात फुगवायचे, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला कानात घालायचे बोळे. "पडदा शिवून आणलाय, फुकट नाही आणला. परत फाडायला देणार नाही."

सुपरवायझर म्हणाला, "जाळी बसवतो. पण आधी कान बघू दे."

त्याने एक ट्रे आणला. बहुतेक फुगे चांगले, काही खोटे. खोटे कुठले ते त्याने आधीच पाण्यात बघून ठेवले होते आणि मुद्दाम मिसळले होते. आम्ही साचे टांगते ठेवून जमलो. कॉम्प्रेसर चालूच होता. कोणीतरी बंद करायला गेलं, तर मावशी म्हणाली, "राहू द्या. रोज काय बंद करणार आहात?"

हवा, चिमूट, उजवा कान, टिचकी. हवा, चिमूट, टिचकी. सुरुवातीला ती सावकाश होती. मग हाताला जुनी गती आली. चांगले उजवीकडे, खोटे डावीकडे. ट्रे संपला.

सुपरवायझरने डावीकडचे मोजले. "सगळे पकडले. पण एक जास्त आहे. हा चांगला आहे."

"नाही."

त्याने तो टबात दाबला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. एकही बुडबुडा नाही.

"बघा," तो म्हणाला.

"भोक आहे असं कुठे म्हटलं मी? बुडाशी पातळ आहे. हात लांब करा आणि पूर्ण मापापर्यंत भरा. कानाशी नको, लांब धरा."

त्याने हात लांब केला आणि भरायला घेतलं. खालचा भाग एका बाजूला फुगत गेला, काचेसारखा पारदर्शक झाला. आम्ही सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मावशीने सगळ्यांत आधी. माप अजून वीतभर लांब असताना फुगा फुटला.

शेडमध्ये जो गलका झाला तो कॉम्प्रेसरच्या वर गेला. म्हाताऱ्याने भट्टीच्या पत्र्यावर सळई वाजवली. सुपरवायझरच्या हातात रबराची चिंधी होती. त्याने ती उलटसुलट बघितली, अंगठ्याने पातळ जागा चाचपली, आणि टेबलाजवळचं स्टूल स्वतः पुसून तिच्याकडे सरकवलं.

"जाळी याच आठवड्यात," तो म्हणाला.

"बोळेपण," मावशी म्हणाली आणि पुढचा ट्रे ओढला.

ऑपरेशनचे पैसे तिने थोडे आधी भरले होते, जवळ होते तेवढे. बाकीचे हप्त्याने, टेबलाच्या पगारातून. शेवटचा हप्ता भरायला ती हॉस्पिटलात गेली तेव्हा मला गुडघे दाखवायचे होते, म्हणून मी बरोबर होतो. काउंटरला जाड काच, काचेला फट, आणि फटीमागचा माणूस बोलायचा तो बहुधा स्वतःशीच. आमच्या पुढचा धिप्पाड गृहस्थ काचेला कान लावून तिसऱ्यांदा "काय? काय?" करत होता. मागची रांग चुळबुळ करत होती.

"ते विचारतायत, मागची पावती आणलीय का," मावशी मागून म्हणाली. "आणि तुम्ही चुकीच्या खिडकीवर आहात, डोळ्यांचं शेजारी."

गृहस्थ वळून बघत राहिला. मग शेजारी गेला.

आमचा नंबर आला. काचेमागचा माणूस वर न बघता काहीतरी पुटपुटला. मला एक अक्षर कळलं नाही. मावशीने घामाने मऊ झालेल्या नोटा फटीतून आत सरकवल्या, बरोब्बर तेवढ्याच. त्याने शिक्का मारला, पावती बाहेर आली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

तिने पावती प्रकाशाकडे धरून सावकाश वाचली. "उजवा कान. पडदा. पूर्ण भरणा." मग घडी घालून पाकिटात ठेवली. "चला. आता तुमचे गुडघे."